व्हायरल तापात सोडियम का उतरतं? घरात वयस्कर माणूस असेल तर जरूर वाचा

विश्रामबागकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

ह्या थंडीत सांगली-मिरज-कुपवाडात घरटी एक खोकणारा माणूस होता. बहुतेक जण आठवड्याभरात उठून कामाला लागले. पण सत्तरी ओलांडलेल्या बऱ्याच जणांना ताप उतरल्यावर ॲडमिट करावं लागलं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य: "सोडियम कमी झालंय." आमच्या घरीही हेच झालं. अण्णांच्या (माझे सासरे) आजारपणात जे पाहिलं आणि डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं ते एका जागी असावं, म्हणून हा धागा काढतेय. इथं मिरजेचे डॉक्टर आहेत, लॅबमधली आणि औषध दुकानातली मंडळी आहेत. त्यांनी भर घालावी, माझं काही चुकत असेल तर सरळ सांगावं.

अण्णा ७६ वर्षांचे. बीपीची गोळी चालू, साखर नाही. हयात मार्केट यार्डात अडत दुकानावर गेली. हिशेब अजून तोंडी करतात. त्यांना ताप, कोरडा खोकला, तोंडाची चव गेलेली. जेवण म्हणजे दोन वेळची पातळ पेज. येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा, "ताप आहे, पाणी पाजत राहा." आणि ते स्वतःही शहाण्या माणसासारखे तांब्याच्या तांब्या गरम पाणी पीत होते. ताप उतरला, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मग मळमळ सुरू झाली, डोकं जड, चालताना भिंतीचा आधार. शेजारी म्हणाले अशक्तपणा आहे, वयामानानं व्हायचंच. त्याच संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर मला विचारतात, "सौदे निघाले का? राजापुरीला काय भाव फुटला?" पलंगावर बसून, अगदी गंभीर चेहऱ्यानं. यजमानांनी लगेच गाडी काढली आणि मिरज गाठलं.

तिथं ऑक्सिजन बरा, साखर नॉर्मल, डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये पॅरालिसिसची काही खूण नाही. रक्ताचा रिपोर्ट आला त्यात सोडियम ११७. नॉर्मल १३५ ते १४५ असतं.

मला वाटलं आता भराभर सलाईनच्या बाटल्या चढवतील. तसं काही झालं नाही. आधी लघवीचा नमुना मागितला. मग जाड (जास्त मिठाचं) सलाईन थोडंसंच, मशीनवर मोजून. आणि पाणी बंद, म्हणजे दिवसभरात चहा, औषधाचं पाणी, आमटी सगळं मिळून एक लिटर. नर्सताईंनी आमचा घरचा पेला मागून घेतला, त्यात पाणी भरून मोजपात्रात ओतून पाहिलं. १५० मिली भरलं. "हे दिवसात सहा पेले, वर थोडं. वहीत लिहायचं, अंदाजानं नाही." एका बाजूला पोटात किती गेलं, दुसऱ्या बाजूला लघवी किती झाली, वेळ घालून. दुसऱ्या दिवशी सोडियम १२३, त्याच्या पुढच्या दिवशी १२९. मी म्हटलं, एवढं हळू का? डॉक्टर म्हणाले, "हळूच आणायचंय. घाई केली तर मेंदूला इजा होते."

भेटायला येणारे मात्र लिंबूपाण्यात मीठ घालून पाजा म्हणून मागे लागलेले. डॉक्टरांनी मला आमटीचं उदाहरण दिलं. आमटीत पाणी वाढलं की ती अळणी लागते, पण आत मीठ होतं तेवढंच असतं. अण्णांच्या अंगात मीठ कमी नव्हतं, पाणी साठून राहिलं होतं.

माझे प्रश्न असे. साध्या फ्लूमध्ये पाणी अंगात का साठतं? सगळ्यांनाच पाणी कमी करायचं का? आणि औषधांमुळे भर पडते म्हणतात, ती कोणती?

अजिंक्यतारा

ताई, आता अण्णा कसे आहेत?

कोविडमध्ये आमच्या आईला हेच झालं होतं. साताऱ्यात बेड मिळेना असे दिवस ते. तिचं १२६ होतं. ती बरळत नव्हती, पण नुसती झोपून. हाक मारली की डोळे उघडायची आणि परत मिटायची. आम्ही सगळे ऑक्सिजनच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेलो, सोडियमचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं रिपोर्ट नीट वाचला आणि वरच्यांना सांगितलं. तिचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आईला तेव्हा उलट सलाईन दिलं होतं आणि त्यानेच आकडा वर आला. पाणी बंद केलं नव्हतं. मग अण्णांना एक आणि आईला दुसरं, असं कसं?

मिरजेचा फिजिशियन

विश्रामबागकर ताईंनी फार नेटकं लिहिलंय. अजिंक्यतारा यांचा प्रश्न हाच सगळ्याचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिपोर्टमधला सोडियमचा आकडा म्हणजे अंगातल्या मिठाचा साठा नव्हे. एका लिटर रक्तद्रवात सोडियम किती, एवढंच तो सांगतो. म्हणून तो दोन कारणांनी उतरू शकतो. पाणी वाढलं म्हणून, किंवा मीठ आणि पाणी दोन्ही गेलं आणि भरपाई नुसत्या पाण्यानं झाली म्हणून.

पाण्याचा कारभार एडीएच नावाच्या संप्रेरकाकडे असतो. ते मेंदूच्या तळाशी तयार होतं, पिट्युटरीच्या मागच्या भागातून रक्तात येतं आणि मूत्रपिंडाला सांगतं, पाणी सोडू नको. निरोगी माणसानं जास्त पाणी प्यायलं की रक्त जरासं पातळ होतं, एडीएच बंद होतं आणि पांढरीशुभ्र लघवी होऊन जास्तीचं पाणी निघून जातं. फुप्फुसाला संसर्ग झाला की ही व्यवस्था बिघडते. दाह वाढवणारी इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं, मळमळ, वेदना, न्यूमोनियानं सुजलेलं फुप्फुस, हे सगळे एडीएचला चालू ठेवतात. रक्त पातळ झालं तरी ते थांबत नाही. माणूस तांब्याभर पाणी पितो आणि लघवी होते कपभर, गडद. याला आम्ही एसआयएडीएच म्हणतो. श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत ते पहिल्यांदा मांडलं. पुढे न्यूमोनिया, क्षय, मेंदूज्वर अशा अनेक आजारांत ते दिसलं. कोविडच्या मोठ्या पाहण्यांत दाखल रुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकापासून चारातल्या एकापर्यंत लोकांचं सोडियम १३५ च्या खाली होतं. त्यातले बहुतेक १३० ते १३४ मध्ये, म्हणजे सौम्य. फ्लू आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) यांमध्येही हे होतं. आकडा जितका खाली तितका आजार एकंदरीत जड, असंही दिसून आलंय. म्हणून १३१ आलं तरी आम्ही त्या पेशंटकडे जरा जास्त लक्ष ठेवतो.

दुसरा प्रकार अजिंक्यतारांच्या आईंचा असावा. उलट्या, जुलाब, दोन-तीन दिवस अन्न नाही, घाम. अंगातलं मीठ आणि पाणी दोन्ही घटतं. रक्ताचा एकूण भरणा कमी झाला की एडीएच सुटतंच, आणि ते योग्य कारणासाठी सुटतं. अशा माणसाला सलाईन दिलं की भरणा पूर्ववत होतो, एडीएच आपोआप थांबतं, सोडियम वर येतं.

दोघांचाही आकडा उतरलेला, पण उपाय उलटे. एसआयएडीएचच्या पेशंटला साधं नॉर्मल सलाईन बाटलीमागून बाटली दिलं तर मूत्रपिंड त्यातलं मीठ थोड्या लघवीत बाहेर टाकतं आणि पाणी ठेवून घेतं. सोडियम आणखी उतरतं. हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून अण्णांचा लघवीचा नमुना आधी मागितला. लघवीतलं सोडियम ३० च्या वर आणि लघवी दाट असेल, पेशंटच्या अंगाला सूज नाही, कोरडेपणाही नाही, तर एसआयएडीएचकडे बोट जातं. लघवीतलं सोडियम फारच कमी असेल तर शरीर मीठ जिवापाड धरून ठेवतंय, म्हणजे भरणा कमी. हा नमुना सलाईन सुरू होण्याआधी घेतला तरच खरा अर्थ लागतो. सोबत थायरॉईड आणि सकाळचं कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉईड) पाहावं लागतं. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी वर्षानुवर्षं स्टिरॉईडची गोळी घेणारे लोक आजारात "आता नको" म्हणून ती अचानक बंद करतात. अशांचं सोडियम तर उतरतंच, बीपीही कोसळतं. घरच्यांनी ही गोष्ट डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावी.

आता "हळू का". सोडियम उतरलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. दोन दिवसांहून जास्त काळ आकडा खाली राहिला की पेशी आतले क्षार बाहेर टाकून स्वतःला जुळवून घेतात. अशा मेंदूभोवतीचं सोडियम एकदम वर नेलं तर पाणी झपाट्यानं बाहेर खेचलं जातं आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं. त्रास लगेच दिसत नाही. पेशंट सुधारलेला वाटतो आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं अडखळतं, घास गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. म्हणून २४ तासांत ८, फार तर १० ने वाढवायचं. दारूचं व्यसन, कुपोषण, यकृताचा आजार, पोटॅशियम कमी, यांपैकी काही असेल तर ८ च्या वर नाहीच. ११७ वरून १२३, मग १२९. अण्णांचं अगदी बरोबर चाललं होतं.

मात्र आकडी आली, माणूस शुद्धीवर नसला, तर वाट बघायची नसते. ३ टक्क्यांचं सलाईन १०० ते १५० मिली थोड्या मिनिटांत देतात. सोडियम ४ ते ६ ने वर आलं तरी मेंदूवरचा धोका टळतो. त्यापुढं पुन्हा सबुरी.

तासगावकर

डॉक्टर, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार.

आमच्या भागात तापाचा पेशंट म्हटलं की भेटायला येणारा शहाळं घेऊनच येतो. बाईंना, म्हणजे आमच्या आईला, एकेका दिवसात चार-चार शहाळी पाजलीत लोकांनी. त्यात सगळे क्षार असतात असं ऐकून आहे. मग सोडियमला ते चालतं का? आणि उसाचा रस, ग्लुकोज पावडर?

मिरजेचा फिजिशियन

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं असतं. सोडियम उतरलेल्या माणसाला चार शहाळी म्हणजे मुख्यतः पाणीच. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर दुहेरी धोका. उसाचा रस आणि ग्लुकोज पावडरचं पाणी, दोन्हीत साखर आहे, सोडियम नावापुरतं.

जुलाब-उलट्या होत असतील तर ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट एक लिटरमध्ये विरघळवलं की सोडियम ७५ होतं. पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते वाचा, कारण छोटी पाकिटं २०० मिलीची असतात. आणि ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं खोक्यांत मिळतात, ती ओआरएस नव्हेत.

एसआयएडीएचमध्ये मात्र ओआरएसही लिटरवारी पाजायचं नाही. लघवी दाट होत असताना ७५ चं पाणी आत घालणं म्हणजे रक्त अजून पातळ करणं.

वाईकर

मला हे पटायला जड जातंय. लहानपणापासून ऐकतोय, तापात पाणी प्या. आता तुम्ही सांगताय पाणी घातक. सामान्य माणसानं करायचं काय? हा धागा वाचून कुणी तापलेल्या पोराचं पाणी तोडलं तर?

मिरजेचा फिजिशियन

वाईकर, शंका रास्त आहे आणि तुम्ही ती विचारलीत ते बरं झालं. पाणी तोडा असं मी म्हणत नाही. पाण्याचा मर्यादा-हुकूम फक्त तपासणी झालेल्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या पेशंटसाठी. बाकीच्यांनी तहानेप्रमाणे प्यावं, ओठ-जीभ कोरडी पडू देऊ नये. तरण्याताठ्या, जेवणाऱ्या माणसाला पाण्यानं अपाय होत नाही.

काळजी आहे ती एका ठरावीक जोडीची: जेवण जवळपास बंद, आणि पाणी मात्र आग्रहानं. लघवीवाटे पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला क्षार आणि युरिया लागतो, आणि ते अन्नातून येतात. रोजच्या जेवणातून ते भरपूर मिळतात. नुसत्या पातळ पेजेवर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फार थोडे मिळतात. त्यात वयामुळे मूत्रपिंडाची लघवी पातळ करण्याची ताकद घटलेली. वर एडीएच चालू. अशा माणसाला "दिवसाला चार लिटर" पाजले तर ते जाणार कुठं?

म्हणून तापात वयस्कर माणसाला दर वेळी नुसतं पाणी देण्याऐवजी मीठ घातलेली दाटसर पेज, वरण, ताक, चालत असेल तर अंडं. घास जात नसेल आणि मळमळ थांबत नसेल, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्त तपासा.

औषधदुकान_राजवाडा

सातारा राजवाडा परिसरात दुकान आहे. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

बीपीच्या गोळीच्या नावापुढं "एच" असेल तर बहुतेक वेळा आत हायड्रोक्लोरोथायझाईड असतं. "सीटी" किंवा तत्सम अक्षरं असतील तर क्लोरथॅलिडोन. इंडापामाईड हेही त्याच घरातलं. ही लघवी वाढवणारी औषधं बीपीला उत्तम, स्वस्त, कित्येक वर्षं चालणारी. पण सोडियम उतरवणाऱ्या औषधांत त्यांचा नंबर वरचा, विशेषतः वयस्कर, बारीक अंगाच्या बायकांत. रोज घेऊन काही होत नाही, आणि एका व्हायरल तापात जेवण सुटलं की आकडा गडगडतो.

नैराश्य, चिंता यांसाठीचं एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन. फिट्ससाठीचं कार्बामॅझेपीन आणि त्याहून जास्त ऑक्सकार्बाझेपीन. रात्री वारंवार लघवीला उठावं लागू नये म्हणून काही आजोबांना डेस्मोप्रेसिन दिलेलं असतं. ते तर थेट एडीएचचं काम करतं. तापात दिवसभर पाणी पाजून रात्री ती गोळी दिली तर काय होईल ते डॉक्टरांनी वर लिहिलंच आहे. अंगदुखीच्या गोळ्याही मूत्रपिंडाचं पाणी सोडणं कमी करतात. तापाला पॅरासिटामॉल पुरते.

कुणीही आपल्या मनानं गोळी बंद करू नका. फिट्सची गोळी तर अजिबात नाही. पण तापात जेवण सुटलं, उलट्या लागल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, "ही गोळी चालू ठेवू का?" आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकून न्या. "ती पांढरी छोटी गोळी" सांगून कुणाला काही कळत नाही.

अजून एक. "लो सोडियम" लिहिलेलं मीठ हल्ली बरेच लोक नेतात. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाच्या पेशंटनं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

विश्रामबागकर

अण्णांच्या गोळीच्या नावात "एच" होता! डॉक्टरांनी ॲडमिट झाल्या झाल्या ती बंद करून दुसरी दिली. का ते आत्ता पूर्ण कळलं. खूप आभार.

@अजिंक्यतारा, अण्णा आता घरी आहेत. बोलणं-चालणं पहिल्यासारखं. यार्डातले जुने सोबती येऊन बसतात, आणि आता भावांची चौकशी खरी असते.

कराडची_परिचारिका

मी लहान मुलांच्या वॉर्डात काम केलंय, त्यामुळे मुलांबद्दल लिहिते. वाईकरांनी पोरांचा विषय काढलाच आहे.

थंडीत आणि पावसाळ्यात वर्षाच्या आतली बाळं छाती भरून येतात. बरेचदा आरएसव्ही असतो. श्वास धापेनं, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखाली खड्डा पडतो, दूध ओढता येत नाही. ह्या बाळांतही एडीएच वाढतं. पूर्वी मुलांना मेंटेनन्स म्हणून, म्हणजे दिवसाची पाण्याची गरज भागवायला, कमी सोडियमचं सलाईन लावायची पद्धत होती. तो हिशेब हॉलिडे आणि सेगर यांच्या १९५७ च्या लेखावरून आलेला. योगायोग बघा, डॉक्टरांनी वर सांगितलेल्या एसआयएडीएचचं वर्षही तेच. आजारी मुलात एडीएच चालू असताना कमी सोडियमचं सलाईन दिलं की आकडा उतरतो, आणि बाळाला आकडी येऊ शकते. आता रक्ताइतकं सोडियम असलेलं, साखर घातलेलं सलाईन देतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तशी स्पष्ट शिफारस केली.

आईबापांनी सलाईनचं नाव पाठ करायची गरज नाही. पण "बाळाचं सोडियम तपासलं का, परत कधी तपासणार?" हे जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे म्हणून वरचं पाणी चमच्यानं पाजू नका. आजीबाई प्रेमानं पाजतात. अंगावरचं दूध वारंवार, थोडं थोडं. बाळ दूध ओढेना, लघवीचे लंगोट कमी झाले, जागं करूनही पेंगतंय, तर थेट दवाखाना.

लॅब_माधवनगर

एक मुद्दा आमच्या बाजूनं, कारण आकड्यावर एवढं अवलंबून आहे तर आकडा खरा हवा.

ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त ओढलं तर रिपोर्ट खोटा येतो. ग्लुकोजच्या सलाईनखालून घेतलं की सोडियम भयंकर कमी आणि साखर भयंकर जास्त. मी असा नमुना परत पाठवला की कधी कधी नातेवाईक चिडतात, "पुन्हा का टोचताय?" टोचणं परवडलं, खोट्या आकड्यावर उपचार नाही. दुसऱ्या हाताचं रक्त घ्यायला सांगा.

साखर फार वाढलेली असेल तरी सोडियम कमी दिसतं. ढोबळ हिशेब असा की १०० च्या वर दर १०० मिलिग्रॅम साखरेमागे सोडियम साधारण १.६ नं खाली येतं. म्हणजे साखर ५०० असेल तर सोडियम सहाच्या आसपास कमी दिसणार. साखर आटोक्यात आली की तेवढं आपोआप वर येतं. ट्रायग्लिसराईड प्रचंड असतील तर काही मशीनवर खोटं कमी येतं, रक्तवायू तपासणीच्या मशीनवर मात्र खरं येतं. डॉक्टरांना शंका आली तर ते तसं करून घेतात.

आणि लॅब बदलत राहू नका. दोन मशीनमध्ये दोन-तीनचा फरक सहज पडतो. १३१ आणि १३३ ची तुलना एकाच लॅबमध्ये केली तर अर्थ आहे.

तासगावकर

हे सोन्यासारखं आहे. बाईंचं रक्त सलाईनच्या हातातूनच घेतात कायम, दुसऱ्या हाताची शीर सापडत नाही म्हणून.

लॅब_माधवनगर

शीर सापडतच नसेल तर सलाईन काही मिनिटं थांबवून, सुईच्या खालच्या बाजूनं, म्हणजे बोटांकडच्या बाजूनं घेतात. चिठ्ठीवर तसं लिहायला सांगा. मग आम्ही रिपोर्टकडे त्या नजरेनं बघतो.

कोयनाकाठ

पाटणच्या आतल्या गावात राहतो. रात्री रिपोर्ट काढायची सोय नाही. नुसत्या लक्षणांवरून कसं ओळखायचं? म्हातारं माणूस तापात थोडंफार बडबडतंच की.

मिरजेचा फिजिशियन

लक्षणांवरून खात्री होत नाही. पण संशय घेता येतो, आणि तेवढा पुरे. ताप अंगात असताना, १०३ वर, कुणी क्षणभर बरळलं आणि ताप उतरल्यावर नीट बोललं, ते वेगळं. ताप उतरलाय आणि तरी माणूस वेळ-जागा विसरतोय, मळमळतंय, डोकं दुखतंय, पाय ओढत चालतोय, तोल जाऊन पडलाय, दिवसभर गुंगीत आहे, तर सोडियम बघितलंच पाहिजे. तपासणीचं नाव "सीरम इलेक्ट्रोलाईट्स", बहुतेक तालुक्याच्या गावी होते. त्याचबरोबर ऑक्सिजन आणि साखर लगेच बघा, कारण गोंधळलेल्या पेशंटमध्ये ही दोन्ही कारणंही तितकीच धोक्याची आणि घरी मशीन असेल तर मिनिटात कळणारी.

आकडी आली, हाक मारून उठेना, किंवा श्वास लागला तर रात्रीच १०८ ला फोन. अशा माणसाला तोंडानं पाणी, मीठ, साखर काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवून ठेवा.

अजिंक्यतारा

डॉक्टर, एक शेवटचं. घरी आल्यावर पाण्याचं बंधन किती दिवस? आईला डिस्चार्जच्या वेळी कुणी नीट सांगितलं नव्हतं. आम्ही महिनाभर तिचं पाणी मोजत होतो, ती वैतागून गेली.

मिरजेचा फिजिशियन

व्हायरल आजारामुळे वाढलेलं एडीएच आजार ओसरला की काही दिवसांत खाली येतं. मग लघवी एकदम मोकळी, भरपूर होऊ लागते. तेव्हा पाण्याचं बंधन तसंच चालू ठेवलं तर सोडियम उलट जोरात वर जाऊ शकतं. म्हणून दवाखान्यात लघवी मोजतात, आणि म्हणूनच डिस्चार्जनंतर आठवड्याच्या आत परत एकदा तपासायला सांगतात. आकडा १३५ च्या वर आला की बंधन उठवायचं, त्यानंतर पुन्हा एकदा तपासायचं. बंधन कधी उठेल हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

ताप-खोकला जाऊन काही आठवडे झाले तरी सोडियम १३० च्या आसपासच रेंगाळत असेल, तर ते व्हायरलच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. औषधांची यादी पुन्हा बघायची, थायरॉईड, कॉर्टिसोल, आणि छातीचा फोटो, गरज पडली तर सीटी. क्षयरोगात आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात सोडियम उतरणं ही पहिली खूण असू शकते. विडी-सिगारेट ओढलेली असेल तर हे विशेष.

विश्रामबागकर

अण्णांनी तिशी-चाळिशीत विड्या ओढल्यात. डिस्चार्जनंतरचं सोडियम १३३ आलंय. पुढच्या तपासणीच्या चिठ्ठीवर छातीचा फोटोही लिहून घेते. रक्त माधवनगरच्या त्याच लॅबला देऊ. रिपोर्ट आला की इथंच टाकते. तासगावकर, तुम्हीही बाईंचा दुसऱ्या हाताचा रिपोर्ट कळवा.